टोल्या मध्येच का थांबतो?

"गेला," प्रबुद्ध म्हणाला.

काय गेला, असं विद्याधरकाकांच्या हॉलमध्ये कुणी विचारलं नाही. टेबलावरचा स्क्रीन काळा झाला होता आणि टेबलाखालचा डबा, म्हणजे प्रियंकाताईचा कॉम्प्युटर, घुरघुरायचा थांबला होता. त्या आठवड्यात तो इतक्यांदा असा गप्प पडला होता की आता दचकायचासुद्धा सगळ्यांना कंटाळा आला होता.

"किती टक्के झालं होतं?" मनालीने विचारलं.

"नऊ."

"काल अकरापर्यंत गेला होता ना?"

"काल सकाळी लावला होता. सकाळी जरा गार असतं."

प्रबुद्ध हे सहज बोलून गेला. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं, पण त्या वेळी कुणी ठेवलं नाही. मे महिन्यात दहिसरला भर दुपारी माणसाच्या लक्षात फक्त घाम राहतो.

प्रियंकाताई त्या दिवशी सुट्टी घेऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ती प्रबुद्धची मोठी बहीण. बोरिवलीच्या एका मॉलमध्ये चपलांच्या दुकानात सकाळच्या पाळीला तासन्तास उभी राहायची आणि घरी आल्यावर याच कॉम्प्युटरवर चित्रं काढायची. वर्षभर खपून तिने तीन मिनिटांची एक अ‍ॅनिमेशन फिल्म केली होती. फिल्मचा हिरो टोल्या. दहिसर चेक नाक्यावरचा कुत्रा. कुठल्या ट्रकवर भुंकायचं आणि कुठल्या ट्रकला सोडून द्यायचं हे आपणच ठरवतो, असा त्याचा पक्का समज. गोरेगावच्या एका अ‍ॅनिमेशन संस्थेत पूर्ण शिष्यवृत्तीवर एक जागा होती आणि त्यासाठी फिल्म उद्या संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची होती.

फिल्म तयार होती. चित्रं, रंग, भुंकणं, सगळं. राहिलं होतं ते एवढंच, की कॉम्प्युटरने ती हजारो चित्रं एकत्र शिवून त्यांची एक अखंड फिल्म बनवायची. त्याला रेंडर करणं म्हणतात. त्यासाठी दोन तास तरी कॉम्प्युटरला जीव तोडून काम करावं लागतं. आणि इकडे आपला कॉम्प्युटर जीवच सोडत होता.

"सोड रे," प्रियंकाताई केसांचा चाप काढत म्हणाली. "नाही होत तर नाही होत."

"पुढच्या वर्षी पाठव ना," निहार म्हणाला.

"पुढच्या वर्षी कशाला?" ती म्हणाली आणि चाप पुन्हा केसांत खोचला.

निहारला ठाऊक नव्हतं, पण प्रबुद्धला होतं. दुकानाने ताईला दिवसभराची पक्की नोकरी देऊ केली होती. यंदा जमलं नाही तर ती घ्यायची आणि चित्रांचा नाद सोडायचा, असं तिने आईला कबूल केलं होतं. ताई शब्दाची पक्की होती. तीच तर पंचाईत होती.

एवढ्यात विद्याधरकाका आतून पंच्याने तोंड पुसत आले. काका म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, निहारचे आजोबा आणि अख्ख्या बिल्डिंगचे फुकट मेकॅनिक. कुणाचा मिक्सर अडो, कुणाची बेल वाजायची थांबो, काका पेचकस घेऊन हजर. मनाने अगदी चांगले. फक्त आपलं चुकू शकतं ही शक्यता त्यांच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

"पुन्हा बंद? इथे आणून माझ्या स्टॅबिलायझरवर लावला तरीसुद्धा?" त्यांनी डब्यावर दोन टिचक्या मारल्या. "मग प्रश्नच नाही. प्रोसेसर गेला. म्हणजे मेंदूच गेला. हा डबा आता भंगारात."

"काका, असा कसा गेला?" मनाली म्हणाली.

"कसा म्हणजे? हा मुलगा गेम खेळतो ना त्यावर. खेळून खेळून जाळला."

प्रबुद्धने मान वर केली, मग खाली घातली. त्याने मार्चपासून एकही गेम खेळला नव्हता. आधी परीक्षा होती आणि मग आईने कॉम्प्युटरला हात लावायचीच बंदी केली होती. पण हे त्याने आईला सांगून झालं होतं, काकांना सांगून झालं होतं, बाबांना फोनवर सांगून झालं होतं. एकच गोष्ट चौथ्यांदा सांगायचीही माणसाला शरम वाटते. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं आणि वांग्याला आता बोलायचा कंटाळा आला होता.

प्रियंकाताई उठली. "चला, काका. थँक यू. तुम्ही खूप केलंत."

आणि ती खरंच तसंच म्हणत होती. तेच प्रबुद्धला सहन झालं नाही.

*

सभा भरली मीटरच्या खोलीबाहेर, जिन्याखाली. तिथे ऊन येत नाही आणि मोठी माणसं बसत नाहीत. सभासद तीन. प्रबुद्ध, तळमजल्यावरचा, सातवीतून आठवीत गेलेला. मनाली, तिसऱ्या मजल्यावरची, त्याच्याच वर्गातली, हिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. आणि निहार, वय वर्षं दहा, मुलुंडहून सुट्टीला आजोबांकडे आलेला आणि आल्या दिवसापासून 'जपून, नवीन आहे' हे ऐकून विटलेला.

"मला झोप येतेय," निहार म्हणाला.

"सगळ्यांनाच येतेय," मनाली म्हणाली. "प्रबुद्ध, नीट सांग. हा डबा केव्हापासून मरतोय?"

"महिना झाला असेल."

"त्याआधी?"

"त्याआधी नुसता आवाज करायचा. पंखा खडखडायचा. जुनाच आहे ना, बाबांनी एका ऑफिसातून आणलेला. पण बंद नाही पडायचा कधी."

"मग महिन्यापूर्वी काय झालं?"

प्रबुद्धने आठवलं. "काकांनी पंखा बदलून दिला. प्रोसेसरवर बसतो तो, धातूच्या जाळीसकट. नवा कोरा आणला. म्हणाले, बाहेर कशाला देता, मी बसवतो."

तिघे एकमेकांकडे बघत राहिले.

"आजोबांनी बसवला तर बरोबरच बसवला असेल," निहार म्हणाला. पण त्याचा आवाज काही फार ठाम नव्हता.

"मी कुठे म्हटलं चुकला म्हणून?" मनालीने भिंतीला डोकं टेकवलं. "बघ, टायपिंग केलं तर चालतो. गाणी लावली तर चालतो. जड काम दिलं की मरतो. सकाळी जरा जास्त तग धरतो, दुपारी कमी. व्हायरस असता तर तो काय घड्याळ बघून आला असता का? आणि प्रोसेसर जळला असता तर तो चालूच झाला नसता ना. हा तापतोय यार. आणि जळायच्या आत स्वतःच स्वतःला बंद करतोय. शहाणा आहे बिचारा."

"मग पंखा कशाला बसवलाय?"

"तेच तर शोधायचंय."

मनालीने आईच्या मोबाइलवर दोनतीन व्हिडिओ पाहिले आणि संशयित काढले. एक, आत धूळ साचली असेल. दोन, पंखा फिरत नसेल. तीन, प्रोसेसर आणि त्यावरची जाळी यांच्यामध्ये एक राखाडी मलम लावतात, प्रोसेसरची उष्णता जाळीकडे नेणारं, ते वाळलं असेल.

मलम तरी हाताशी असावं म्हणून तिघे उन्हातून स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने मान वर न करता सगळं ऐकलं आणि मान वर न करताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला. नवा टाकावा लागेल."

"तुम्ही बघितलाच नाही ना अजून," मनाली म्हणाली.

"बघायला कशाला लागतं?"

मलमाची छोटी सिरिंज घेऊन ते परतले. मोठ्या माणसांना एकदा उत्तर सापडलं की ती प्रश्नाकडे बघत नाहीत, हे तिघांनाही त्या सुट्टीत पुरतं कळून चुकलं होतं.

घरी आई वॉर्डातली ड्युटी करून आली होती आणि पाय बादलीत बुडवून बसली होती. माधुरी तिचं नाव, नर्स होती.

"आई, मला उद्या एकदा कॉम्प्युटर उघडू दे."

"प्रबुद्ध, नको रे आता. माझ्यात बोलायचं त्राण नाही."

"मी गेम नाही खेळलो."

आईने डोळे मिटले. "बरं," ती म्हणाली. पण ते 'बरं' विश्वास ठेवणाऱ्याचं नव्हतं, दमलेल्याचं होतं. आतल्या खोलीत ताई पंख्याखाली पालथी पडली होती आणि झोपलेली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी प्रियंकाताई नेहमीप्रमाणे पाळीला गेली. कॉम्प्युटर काकांच्याच हॉलमध्ये होता. भंगारवाला संध्याकाळी यायचा होता.

काकांचा दिनक्रम सगळ्या बिल्डिंगला पाठ होता. जेवण झालं की वामकुक्षी. त्या वेळात काकांना उठवायची सोय देवालाही नव्हती. निहारने दार हळूच उघडलं आणि दोघांना आत घेतलं.

हॉलमध्ये नीलाकाकू जमिनीवर बसून पापडाच्या लाट्या करत होत्या. सोफा रिकामा होता. तो नेहमीच रिकामा असायचा. मरून रंगाचा, गुबगुबीत आणि दुकानातून आला त्या दिवशीचं जाड पारदर्शक प्लास्टिक अजून तसंच चढवलेला. त्यावर उन्हाळ्यात कुणी बसलं की मांड्या चिकटायच्या आणि उठताना सोललं गेल्यासारखं वाटायचं. निहार एकदा त्यावर झोपला होता. उठवताना त्याचा गाल सोडवावा लागला होता.

"काय रे? चोरासारखे काय शिरताय?" काकूंनी विचारलं.

खोटं बोलायचं तिघांनी ठरवून ठेवलं होतं. मनाली शाळेच्या प्रकल्पाचं काहीतरी सांगणार होती. पण काकूंचा घामाने डबडबलेला चेहरा बघून प्रबुद्धला ते जमलं नाही.

"काकू, आम्हाला ताईचा कॉम्प्युटर उघडून बघायचाय. काका नाही म्हणतील. पण आज पाचला सगळं संपतंय आणि नाहीतरी तो भंगारातच जाणारे. मग आम्ही बघितला तर काय बिघडलं?"

काकूंनी लाटी खाली ठेवली. बेडरूमच्या दाराकडे बघितलं. आतून घोरणं एका लयीत चालू होतं.

"शॉक लागेल असं काही करणार नसाल तर बघा," त्या म्हणाल्या. "मी इथेच बसलेय. वायर काढल्याशिवाय आत हात घातलात तर लाटणं आहे माझ्या हातात."

काकांची हत्यारांची पेटी टीव्हीखाली होती. पेचकस प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. मनालीने वायर काढली, प्रबुद्धने डब्याची एक बाजू उघडली. तिघांनी माना आत घातल्या.

"धूळ?" प्रबुद्धने विचारलं.

"नावाला," मनाली म्हणाली. निहारने रंगाच्या ब्रशने ती नावाची धूळही झाडली. पहिला संशयित सुटला.

मग बाजू उघडीच ठेवून वायर लावली आणि कॉम्प्युटर चालू केला. आत कुणी हात घालायचा नाही, असं काकूंनी लाटणं दाखवून पुन्हा बजावलं. पंखा गरगर फिरत होता. चांगला जोरात, गार वारा टाकत. दुसराही सुटला.

सुरू होताना एक ठराविक बटण दाबत राहिलं की कॉम्प्युटर आपली प्रकृती सांगतो, हे मनालीने व्हिडिओत पाहिलं होतं. निळा पडदा आला. त्यावर प्रोसेसरचं तापमान. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. ब्याण्णव.

"काही काम न करता ब्याण्णव? वाट लागली याची," प्रबुद्ध म्हणाला.

"बंद कर. वायर काढ," मनाली म्हणाली. पंखा थांबल्यावर ती पुढे म्हणाली, "निहार, त्या जाळीला कडेने बोट लावून बघ. हळू, तापलेली असेल."

निहारने एक बोट लावलं. मग दोन. मग चक्क पूर्ण तळवा टेकवला.

"गार आहे," तो म्हणाला.

"काय?"

"गार आहे गं. आजीच्या माठासारखी नाही, पण गरम अजिबात नाही. लावून बघ."

मनालीने हात लावला आणि तशीच बसून राहिली. जाळीचं कामच प्रोसेसरची उष्णता ओढून घेणं. खाली ब्याण्णव अंश आणि त्याच्यावरच बसलेली जाळी गार?

"काकू," तिने विचारलं, "आमटी उकळतेय आणि वरच्या झाकणाला हात लावला तर गार लागलं. तर काय समजायचं?"

"झाकण पातेल्यावर नाहीच्चे," काकू लाटी वळतावळता म्हणाल्या. "नाहीतर मध्ये काहीतरी आहे."

"मलम वाळलं तरी एवढं गार नसतं राहिलं," मनाली पुटपुटली. "मध्ये काहीतरी आहे. पण काय असेल? नवी जाळी, नवा पंखा. काका इतकं जपून बसवतात. मध्ये काय जाणार?"

निहार खोलीभर बघत होता. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये. टीव्हीच्या कोपऱ्यावर दुकानातला स्टिकर. फ्रिजच्या दाराला निळी पातळ फिल्म, कडेने फाटलेली, तरी सोललेली नाही. खाली पार्किंगमध्ये आजोबांची स्कूटर, तिच्या सीटवर प्लास्टिक. आणि सोफा. त्याच्या गालाला तो सोफा आठवला.

"प्रबुद्ध," तो हळूच म्हणाला, "आजोबा कुठल्याच नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत."

काकूंचं लाटणं थांबलं.

*

जाळीला चार काळे पाय होते. पाव वळण फिरवून वर ओढले की सुटतात. तीन सुटले, चौथा सुटेना. प्रबुद्धच्या कपाळावरचा घाम टपकायला लागला तेव्हा निहारने पापडाच्या फडक्याने तो टिपला. मग टक्क असा आवाज झाला आणि त्याच क्षणी आतलं घोरणं थांबलं.

चौघं गोठली. काकूसुद्धा.

आत पलंग करकरला. कूस बदलली. घोरणं पुन्हा सुरू झालं.

प्रबुद्धने जाळी उचलली आणि उलटी केली. खालच्या बाजूला, जिथे लखलखीत धातू दिसायला हवा होता तिथे, एक पातळ पारदर्शक चकती चिकटलेली होती. तिच्या एका बाजूला राखाडी मलम माखलेलं, कडा उष्णतेने वळलेल्या. तिच्यावर लाल इंग्रजी अक्षरं अजून वाचता येत होती. बसवण्यापूर्वी हे काढा, एवढाच त्यांचा अर्थ होता.

कुणी आनंदाने आरडाओरड केली नाही. झोपलेल्या माणसाच्या घरात करता येत नाही आणि करावीशीही वाटली नाही. महिनाभर ताई त्या एवढ्याशा चकतीपायी जागली होती. प्रबुद्धने ती नखाने सोलून काढली आणि काकूंच्या हातात दिली.

"अरे माझ्या कर्मा," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःच कपाटातून स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला. प्रबुद्धने जुनं मलम पुसून प्रोसेसर आरशासारखा केला. मनालीने सिरिंजमधून मुगाच्या दाण्याएवढं नवं मलम मधोमध ठेवलं. जाळी बसवली, पाय दाबले, चारही टकटक लागले. पंख्याची वायर जागेवर खोचली. वायर काढून काम केलं होतं, वायर लावून चालू केलं.

निळा पडदा आला. तापमान बेचाळीस. ते बेचाळीसच राहिलं.

प्रबुद्धने ताईला फोन लावला. तिने उचलला नाही, दुकानात फोन उचलायला बंदी. मग त्याने टोल्याची फाइल उघडली आणि आठवडाभर ताईच्या खांद्यावरून पाहिलेलं बटण स्वतः दाबलं. एक टक्का. दोन टक्के. दोन वाजून गेले होते.

नऊ आले. तिघे स्क्रीनच्या जवळ सरकले. दहा झाले. अकरा झाले. बारा.

"झकास," मनाली म्हणाली आणि तिथेच जमिनीवर आडवी झाली.

*

काका उठून बाहेर आले तेव्हा फिल्म चाळीसच्या पुढे गेली होती. डब्याची बाजू उघडी, पेचकस जमिनीवर, पोरं कॉम्प्युटरभोवती आणि बायको त्यांच्यात.

"कुणी उघडला हा?"

"मी, काका," प्रबुद्ध उभा राहिला. "मी उघडला. कॉम्प्युटर चाललाय."

"मला न विचारता? माझ्या घरात? पोरा, तुला वीज म्हणजे..."

"अहो," काकू म्हणाल्या, "आधी हे बघा. मग ओरडा."

त्यांनी चकती पुढे केली. काकांनी चष्मा लावला. चष्म्याच्या दांडीवर दुकानाचा छोटा स्टिकर अजून होता. त्यांनी चकती उजेडात धरली. लाल अक्षरं वाचली. मग स्क्रीनकडे बघितलं, तिथे आकडा एकेक करून वाढत होता.

त्यांनी चकती उलटवून पुन्हा एकदा वाचली. निहारला ते बघवेना.

"वाचलं होतं मी," काका शेवटी म्हणाले आणि सोफ्याच्या कडेवर बसले. प्लास्टिक करकरलं. "वाटलं, दुकानदारांचं असतं असं काहीतरी. आम्ही सात जण एका खोलीत वाढलो. घरात पहिली नवी वस्तू आली तेव्हा मी कॉलेजात होतो. टेबलफॅन. वडिलांनी त्याचं प्लास्टिक शेवटपर्यंत काढू दिलं नाही. म्हणायचे, वरचं गेलं की वस्तू जुनी होते." त्यांनी चकती मुठीत घेतली. "आणि दोष तुला दिला मी. गेम म्हणे."

"असू दे काका," प्रबुद्ध म्हणाला.

"असू कसं दे? चुकलो मी."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं, कारण काकूंनी लाट्यांवर फडकं टाकलं आणि त्या नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"पण शोधलंत कसं?" काकांनी विचारलं. मनालीने सांगितलं. गार जाळी, तापलेला प्रोसेसर, आमटीचं झाकण. काका ऐकत होते, खरोखर ऐकत होते. शेवटी त्यांनी जाळीच्या कडेला स्वतः बोट लावून बघितलं. आता ती चांगलीच कोमट होती.

"तापली," ते म्हणाले. "छान तापली." मग त्यांनी फोन काढून भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

प्रियंकाताई चार वाजता आली ती थेट काकांकडे, डबा उचलायचा म्हणून. खांद्याला पर्स, तोंडावर उन्हाचे चट्टे. दारातच थांबली. स्क्रीनवर शहाण्णव टक्के लिहिलेलं होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"टोल्या," प्रबुद्ध म्हणाला. "थांबलाच नाही आज."

ती टेबलापाशी आली आणि उभीच राहिली. दिवसभर उभी राहून आली होती, तरी खुर्चीवर बसायचं तिच्या लक्षात आलं नाही. शंभर झाल्यावर तिने फिल्म एकदा लावली. नाक्यावर टोल्या येणाऱ्या ट्रककडे बघून विचार करतो, भुंकावं की नाही, आणि शेवटच्या छोट्या टेम्पोला शेपूट हलवून जाऊ देतो. टेम्पोत कुणाचं तरी घरसामान असतं, वर उलटी बांधलेली खाट. काका मोठ्याने हसले. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि पापडाचा खार गेला डोळ्यात, असं सांगितलं.

मोबाइलच्या इंटरनेटवरून फिल्म पाठवताना पुन्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. ती निळी पट्टी गोगलगाईच्या पावलांनी सरकत होती. पाचला थोडा वेळ राहिला असताना समोर हिरवी खूण आली. फिल्म पोचली.

ताईने प्रबुद्धच्या डोक्यावर हात ठेवला. काही बोलायला गेली आणि तिला जांभई आली, एवढी मोठी की सगळे हसले.

"बस जरा," काकू म्हणाल्या, "सरबत करते."

ती सोफ्याकडे वळली, मग प्लास्टिक बघून नेहमीसारखी जमिनीवर बसायला लागली.

"थांब," काका म्हणाले.

ते आत जाऊन कात्री घेऊन आले. सोफ्याच्या मागे वाकले. चर्र चर्र असा आवाज झाला आणि वर्षानुवर्षांचं ते जाड प्लास्टिक एका बाजूने सुटून खाली लोळलं. निहारने दुसरी बाजू ओढली. खाली मरून मखमल निघाली, अगदी नवी.

काकूंनी आधी हात फिरवला. मग हळूच बसल्या, पाहुण्यांच्या घरी बसावं तशा.

"मऊ आहे हो," त्या म्हणाल्या.

प्रियंकाताई त्यांच्या शेजारी बसली. सरबत येईपर्यंत तिची मान कलली होती.

थोड्या वेळाने आई ड्युटीवरून आली. मनालीने तिला दारातच सगळं सांगितलं. आईने प्रबुद्धला जवळ ओढलं. "मी तुझं ऐकलं नाही," ती म्हणाली. "दमले होते रे. पण दमलं म्हणून पोराचं ऐकायचं नाही, असं थोडंच असतं. शाबास बाळा. तिघांनाही शाबास." मग तिने सोफ्याकडे बघितलं. "प्रियंका, ऊठ, घरी चल."

"झोपू दे तिला," काका हळू आवाजात म्हणाले. "सोफा जुना झाला तर होऊ दे."

ताईचा गाल मखमलीवर टेकला होता. तो कशालाच चिकटला नव्हता आणि ती गाढ झोपली होती.